दुकानात बसायचं कुणी?

(ज्यांना ऐकायचं नाही, वाचायचंय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर. बोलताना घसरलेली वाक्यं तेवढी सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.)

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. शेवटचं मॉलमध्ये गेला होतात, एखाद्या मोठ्या चेनच्या दुकानात, तेव्हा तिथे काम करणारं कुणी बसलेलं दिसलं होतं का? आठवून बघा. बिलिंग काउंटरवाली मुलगी उभी. ट्रायल रूमच्या दारातला मुलगा उभा. शॅम्पूच्या रॅकपाशी "मॅडम, यावर ऑफर आहे" म्हणणारी, तीही उभी. सकाळी अकराला गेलात तरी उभी आणि रात्री नऊला गेलात तरी उभी.

आता दुसरं चित्र डोळ्यासमोर आणा. आपल्याकडचं जुनं कापडाचं दुकान. पांढरीशुभ्र गादी, मागे लोड-तक्के, आणि विकणारा माणूस मांडी घालून बसलेला. तो समोर साड्या उलगडत जातो, आपणही बसतो, चहा येतो. पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा येवल्यात पैठणी घ्यायला गेलात तर अशी बैठक अजूनही मिळते. म्हणजे विकण्याचं काम उभ्यानंच होतं असं काही नाही. हजारो पैठण्या बसून विकल्या गेल्यात.

मग उभं राहणं आलं कुठून? मी याच्या मागे लागले, आणि प्रकरण निघालं पगाराचं. म्हणून आजचा भाग दुकानातल्या पगाराचा आणि दुकानातल्या खुर्चीचा. दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत, ते पुढे कळेलच.

चला अमेरिकेत. साल १८७९. फ्रँक वूलवर्थ नावाचा तरुण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावात दुकान उघडतो. त्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकामध्ये त्याने एक दुकान काढलं होतं, ते काही महिन्यांत बसलं. लँकेस्टरचं मात्र धो धो चाललं. कल्पना एकदम सोपी होती: दुकानातली प्रत्येक वस्तू पाच सेंटला. नंतर त्यात दहा सेंटच्या वस्तू आल्या. आपल्याकडे जत्रेत "कोणतीही वस्तू दहा रुपये" असा पुकारा असतो ना, तेच. फक्त त्याने त्या पुकाऱ्याची कंपनी केली.

यातली खरी युक्ती किमतीत नव्हती. त्या काळात दुकानात माल काउंटरच्या मागे, फळीवर असायचा. गिऱ्हाईक मागणार, विक्रेता काढून देणार, वर माहिती सांगणार, कधी घासाघीस होणार. त्यासाठी विक्रेता तयार लागायचा. कापडाचा पोत ओळखणारा, भाव सांभाळणारा, गिऱ्हाईक बघून बोलणारा. आपल्याकडचा मुरलेला गुमास्ता असायचा तसा. अशा माणसाला पगारही बरा द्यावा लागतो, कारण तो सोडून गेला तर त्याच्यामागे गिऱ्हाईकही जातं.

वूलवर्थने माल उघड्या टेबलांवर मांडला. हात लावा, बघा, उचला. भाव ठरलेला, घासाघीस नाही, उधारी नाही. म्हणजे विक्रेत्याच्या अंगात जे कौशल्य होतं ते काढून टेबलावर ठेवलं. आता काउंटरमागे उरलं काय? वस्तू कागदात गुंडाळायची, पैसे घ्यायचे, सुट्टे द्यायचे. त्याला सतरा-अठरा वर्षांची मुलगी चालते, आणि तिला कमी पगार दिला तरी चालतो.

हा आरोप मी करत नाहीये, मंडळी. हे तो स्वतः आपल्या मॅनेजरांना पत्रांतून सांगत होता. १८९० च्या दशकातल्या त्या पत्रांचा आशय असा, की माल स्वस्त विकायचा तर हातही स्वस्तच लागतील. एखादी मुलगी इतकी तरबेज झाली की तिला दुसरीकडे जास्त पगार मिळेल, तर जाऊ द्या तिला. आपल्या मालाला तरबेज माणूस लागतच नाही.

हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ थांबले होते. कारण आपल्याला वाटतं, बिचाऱ्या कंपन्यांना स्पर्धेत टिकायचं असतं, मार्जिन कमी, म्हणून पगार कमी. इथे उलटं दिसतं. कमी पगार ही धंद्याची आखणीच होती, पहिल्या दिवसापासूनची. आणि मार्जिन? १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वूलवर्थ बिल्डिंग उभी राहिली, तेव्हाची जगातली सगळ्यात उंच इमारत, २४० मीटरच्या वर. तिचा एक कोटी पस्तीस लाख डॉलरचा खर्च वूलवर्थने कर्ज न काढता रोख दिला. पाच आणि दहा सेंटच्या वस्तू विकून.

आता १९३७ मध्ये या. वूलवर्थ वारून अठरा वर्षं झालीत. कंपनीची दोन हजारांच्या आसपास दुकानं आहेत, नुसती अमेरिकेत नाही, कॅनडा, क्युबा, ब्रिटन, जर्मनीतही. त्याची नात बार्बरा हटन हिला एकविसाव्या वाढदिवसानंतर चार कोटी डॉलरहून जास्त वारसा मिळालाय. तिची लग्नं, घटस्फोट, हिरे, सगळं पेपरात पहिल्या पानावर. आणि डेट्रॉईटच्या वूलवर्थमधल्या काउंटरवरच्या मुलीला मिळतात तासाला पंचवीस ते अठ्ठावीस सेंट. आठवड्याला पन्नासच्या वर तास. युनिफॉर्म स्वतःच्या पैशाने, धुवायचाही स्वतःच. एक तास उभं राहायचं आणि मिळालेल्या पैशात स्वतःच्याच काउंटरवरच्या पाच सेंटवाल्या पाच वस्तू घ्यायच्या, हिशेब असा होता.

डेट्रॉईट का? कारण डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. तिथून शंभरेक किलोमीटरवर फ्लिंटला जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामगारांनी नुकताच एक जगावेगळा संप जिंकला होता. ते कारखान्याबाहेर गेलेच नाहीत. आतच बसून राहिले, चव्वेचाळीस दिवस, थेट ११ फेब्रुवारीपर्यंत. याला म्हणतात सिट-डाऊन, आपल्याकडे ठिय्या. डोकं बघा यामागचं: कामगार बाहेर गेला की मालक दुसरे आणून काम सुरू करतो. कामगार आतच बसला, तर मशीनजवळ दुसरा येणार कसा?

सोळा दिवसांनी, २७ फेब्रुवारी १९३७. शनिवार, म्हणजे दुकानात सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस. डेट्रॉईटच्या ऐन बाजारातलं, वुडवर्ड अव्हेन्यूवरचं चार मजली वूलवर्थ. खरेदी जोरात चाललीय. आणि मध्येच वेटर-वेट्रेसच्या युनियनचा फ्लॉइड लो नावाचा माणूस जोरात शिट्टी फुंकतो आणि ओरडतो, संप!

आणि १०८ मुली काउंटरवरून मागे सरकतात. बिलं थांबतात. गिऱ्हाइकांना नीट बाहेर काढलं जातं, दारं लागतात. मुली आतच.

यातल्या बऱ्याच जणी अठरा-वीस वर्षांच्या होत्या, आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या. आणि आता रात्री दुकानात राहायचं! गाद्या आल्या, काउंटरांच्या मधल्या वाटांमध्ये अंथरल्या गेल्या. आचाऱ्यांच्या युनियनने जेवण पाठवायला सुरुवात केली. मुलींनी कमिट्या केल्या: जेवणाची, साफसफाईची, आणि एक चक्क मनोरंजनाची. एकमेकींचे केस विंचरत होत्या, गात होत्या, नाचत होत्या. दुकानातल्या मालाची नासधूस होऊ द्यायची नाही हे मात्र कटाक्षाने पाळलं, कारण एक आरसा फुटला असता तरी दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढंच आलं असतं. फोटोग्राफर आणि न्यूजरीलवाले आत येऊन चित्रण करून गेले. देशभर लोकांनी थिएटरात बघितलं, की ज्या मुलींकडून आपण रोज बटणं नि रिबिनी घेतो, त्या दुकानाच्या फरशीवर बसून हसतायत.

मला त्या फोटोंमधलं काय आवडतं सांगू? त्या बसलेल्या आहेत. काउंटरवर पाय सोडून, स्टुलांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे. आठवड्यातले पन्नास तास त्या याच जागेत उभ्या असायच्या.

पेपरवाल्यांनी बातमी अर्थातच "गोड पोरींची पिकनिक" छापाने रंगवली. पण मागण्या गोड नव्हत्या: तासाला दहा सेंट वाढ, आठ तासांचा दिवस, जादा तासांना दीडपट पैसे, युनिफॉर्म कंपनीने द्यायचा, कंपनीनेच धुवायचा, आणि भरती युनियनमार्फत. कंपनीने डेट्रॉईटमधली सगळी चाळीस दुकानं बंद करू अशी धमकी दिली. झालं उलटंच. काही दिवसांत शहरातल्या दुसऱ्या एका वूलवर्थमध्येही मुली बसल्या.

५ मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी, कंपनीने सही केली. तासाला पाच सेंट वाढ. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा, त्यावर दीडपट. युनिफॉर्म फुकट. संपाच्या दिवसांचा अर्धा पगार. आणि हा करार त्या एका दुकानापुरता नाही, डेट्रॉईटमधल्या चाळीसच्या चाळीस वूलवर्थना लागू.

सात दिवस. मला आजही यावर पटकन विश्वास बसत नाही.

पण थांबा, गोष्ट इथे संपवली तर ती सिनेमासारखी होईल, आणि हा सिनेमा नव्हे. दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली. त्या १०८ मुली सगळ्या गोऱ्या होत्या. डेट्रॉईटमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, त्यांचे पैसे दुकानाला चालायचे, पण दर्शनी काउंटरवर कृष्णवर्णीय मुलगी उभी करायची नाही हा अलिखित नियम. संपाने तो नियम मोडला नाही. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९३८ मध्ये अमेरिकेत देशभरासाठी किमान वेतनाचा कायदा आला. तासाला पंचवीस सेंट. वाटेल की झालं, सुटला प्रश्न. पण स्थानिक दुकानांतले बहुतेक नोकर त्या कायद्यातून वगळलेले होते. कारखान्याचा कामगार कामगार, आणि दुकानातली मुलगी म्हणजे काय, तर लग्न होईपर्यंत जरा हातखर्चाला काम करते. हा समज कायद्यात जाऊन बसला होता. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठिय्या मारून जागा ताब्यात ठेवण्यालाही कायद्याचं संरक्षण नाही असं सांगितलं. म्हणजे जे हत्यार चाललं होतं तेही गेलं.

मोठ्या दुकानांचे नोकर किमान वेतनाच्या कक्षेत आले १९६१ मध्ये. तेवीस वर्षांनी. त्यातही अट होती उलाढालीची: वर्षाला दहा लाख डॉलर. आणि १९६२ मध्ये आर्कान्सामधल्या रॉजर्स या छोट्या गावात सॅम वॉल्टनने पहिलं वॉलमार्ट उघडलं. त्याने आपली दुकानं कागदोपत्री वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर ठेवली होती. प्रत्येक दुकान वेगळी कंपनी धरली तर उलाढाल मर्यादेच्या खाली, मग किमान वेतन द्यायला नको. हा युक्तिवाद कोर्टात टिकला नाही. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच कबूल केलंय, की सुरुवातीच्या काळात आपण नोकरांच्या पगारात फार हात आखडता घेतला. त्याच वॉलमार्टने १९७० च्या दशकात नोकरांना "असोसिएट" म्हणायला सुरुवात केली. आपल्या मॉलमध्ये "टीम मेंबर" म्हणतात ना, त्याच जातीचा शब्द. नाव बदलायला खर्च येत नाही. (माझा हा शेरा कापू नकोस असं मी एडिटरला सांगून ठेवलंय.)

आता मघाचा मुद्दा. १ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो गाव. पुन्हा वूलवर्थच. दुकानात एक लंच काउंटर असायचा, उंच स्टुलं, कॉफी, सँडविच, पाय. दुकानात कृष्णवर्णीयांनी टूथपेस्ट घेतलेली चालायची, पण त्या स्टुलावर बसून कॉफी प्यायलेली चालायची नाही. चार कृष्णवर्णीय कॉलेजची मुलं आली, आधी किरकोळ खरेदी केली, पावती घेतली, आणि जाऊन स्टुलांवर बसली. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं, तिसऱ्या दिवशी आणखी. हे तुम्ही शाळेत नाही तर रील्समध्ये कुठेतरी पाहिलं असेल, जगप्रसिद्ध गोष्ट आहे.

जे सहसा सांगितलं जात नाही ते हे. त्या काउंटरमागे स्वयंपाक करणारे, भांडी घासणारे आणि ताटं उचलणारे बरेचसे कृष्णवर्णीयच होते. त्या काउंटरवरचं जेवण ते बनवायचे, पण काउंटरवर बसून खाऊ शकायचे नाहीत. सहा महिने आंदोलन चाललं, धंद्याला मोठा फटका बसला, आणि २५ जुलै १९६० ला दुकानाने माघार घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा वाढलं कुणाला? त्याच दुकानात काम करणाऱ्या चार कृष्णवर्णीय नोकरांना. युनिफॉर्म बदलून, स्वतःचे चांगले कपडे घालून ते पलीकडून अलीकडे आले आणि बसले.

डेट्रॉईटच्या मुलींचं राहून गेलेलं काम तेवीस वर्षांनी, शेकडो किलोमीटर लांब, त्याच कंपनीच्या स्टुलावर थोडं पुढे गेलं, असं मी म्हणेन. इतिहासाचे प्राध्यापक मला कदाचित हे जोडू देणार नाहीत. जोडते मी.

बरं, आता खरोखरच्या खुर्चीकडे. कारण आत्तापर्यंतचं बसणं हे आंदोलन होतं. पाय दुखतात म्हणून बसायचं, त्याचं काय?

त्यासाठी सगळ्यात जुना कायदा मला सापडला तो ब्रिटनचा, १८९९ चा. दुकानात काउंटरमागे तीन महिला नोकरांमागे एक तरी बसायची जागा हवी. तिघींत एक! तेव्हा तिथे दुकानाच्या वरच्या मजल्यावरच नोकरांनी राहायचं अशी पद्धत होती. जेवण-राहणं पगारात धरलेलं, म्हणजे पगार हातात थोडाच. मार्गारेट बाँडफील्ड नावाची मुलगी चौदाव्या वर्षी अशा दुकानात लागली, मग दुकान-नोकरांच्या युनियनमध्ये गेली, टोपणनावाने दुकानातल्या हालांवर लिहिलं, आणि १९२९ मध्ये ब्रिटनची पहिली महिला कॅबिनेट मंत्री झाली. तिच्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

आपल्याकडे १९३९ मध्ये मुंबई प्रांताने दुकानं आणि आस्थापनांचा कायदा केला, भारतातला अशा प्रकारचा पहिला. म्हणूनच आजही दुकानाच्या परवान्याला लोक "गुमास्ता" म्हणतात. "गुमास्ता काढलास का?" हा शब्द त्या नोकराचा आहे, जो आता परवान्याच्या कागदात तेवढा उरलाय. आणि १९४८ मध्ये देशाचा कारखाना कायदा आला. त्याचं कलम ४४ वाचण्यासारखं आहे. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं अशा सगळ्या कामगारांसाठी बसायची योग्य सोय हवी, म्हणजे कामात जरा उसंत मिळाली तर त्यांना टेकता येईल. कारखान्यासाठी, १९४८ साली. दुकानासाठी नाही.

इथे माझा स्वतःचा थोडा अनुभव सांगते. कॉलेजात असताना दिवाळीच्या सीझनला मी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम केलंय, नाव सांगत नाही. दोन महिने. पहिल्या दिवशी एका ताईंनी एकच सल्ला दिला: "शूज एक नंबर मोठे घे." मला कळेना. संध्याकाळी सातला कळलं. पाय सुजून बूट चावायला लागतात. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, टी-शर्ट उलगडून परत घड्या घालायच्या, म्हणजे काम चाललंय असं दिसतं. भिंतीला टेकलं की फ्लोअर मॅनेजर वॉकीटॉकीवर नाव घ्यायचा. ट्रायल रूमच्या आत गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल होतं. कपडे गोळा करायला म्हणून आत जायचं आणि अर्धा मिनिट त्यावर बसायचं, ही आमची चैन. त्या ताई बाहेरून राखण करायच्या. त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठीसारख्या वर आलेल्या होत्या, वय चौतीस.

आणि आमच्या त्या एका मजल्यावर तीन प्रकारची माणसं होती. काही दुकानाच्या पगारावर. काही एजन्सीच्या. आणि काही ब्रँडने नेमलेली, म्हणजे काम या दुकानात, पगार दुसऱ्याच कंपनीचा. तिघांचे पगार वेगळे, सुट्ट्या वेगळ्या, काम एकच. पाय दुखतात हे सांगायचं कुणाला? आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपला मालक कोण हेच नीट माहीत नव्हतं.

म्हणून केरळची गोष्ट मला इतकी जवळची वाटते.

कोझिकोडला एस. एम. स्ट्रीट म्हणून बाजारपेठ आहे, मल्याळममध्ये मिठाई तेरुवु. कापडाची, चपलांची, कपड्यांची दुकानं. काम करणाऱ्या बहुतेक बायका. विजी नावाची एक शिवणकाम करणारी बाई तिथल्या बायकांना एकत्र करायला लागली. २०१० च्या आसपास त्यांचा गट उभा राहिला, "पेण्कूट्ट". अर्थ साधारण बायकांची सोबत. पहिली मागणी खुर्ची नव्हती. पहिली मागणी होती संडास. बाजारात बायकांना जायला जागाच नव्हती, जवळच्या हॉटेलात विनवणी करून जायचं, नाहीतर दिवसभर पाणीच प्यायचं नाही. त्यातून मूत्रमार्गाचे आजार. मग खुर्ची. दहा-दहा, बारा-बारा तास उभं राहायचं, बसलेलं सीसीटीव्हीत दिसलं की बोलणी किंवा पगारातून कपात.

त्यांच्या लढ्याला नाव पडलं "इरिक्कल समरम". इरिक्कल म्हणजे बसणं, समरम म्हणजे लढा. त्याचा सगळ्यात गाजलेला टप्पा त्रिशूरचा. तिथल्या एका मोठ्या साडीच्या दुकानातल्या सहा बायका युनियनमध्ये गेल्या, तर त्यांची लांब बदली झाली. डिसेंबर २०१४ च्या शेवटी त्या दुकानासमोर येऊन बसल्या. शंभर दिवसांहून जास्त. मोठ्या युनियनांनी सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नाही. पुरुष पुढाऱ्यांना खुर्ची ही मागणीच वाटत नव्हती, पगारवाढ ही मागणी. मला वाटतं इथे त्या बायकांना जास्त कळलं होतं. ज्याला तुम्ही बसू देत नाही, त्याला तुम्ही कामगार मानत नाही. आणि कामगार मानत नाही, म्हणूनच पगारही हातखर्चाएवढा देता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केरळने आपल्या १९६० च्या दुकान कायद्यात बदल केला. दुकानातल्या सगळ्या कामगारांसाठी बसायची योग्य सोय हवी, म्हणजे कामात संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल. ही भाषा ओळखीची वाटली ना? कलम ४४. कारखान्यातून दुकानात यायला त्या एका वाक्याला सत्तर वर्षं लागली. त्याच वर्षी बीबीसीच्या जगभरातल्या १०० महिलांच्या यादीत विजींचं नाव आलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ चा नवा दुकान कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना पूर्ण लागू झाला, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह त्यात आहे. केंद्राच्या २०२० च्या कामगार सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आलाय. आणि दुकानांतल्या कामगारांसाठी राज्यात किमान वेतनाचे दर ठरलेले असतात, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीने, महागाईप्रमाणे वर्षातून दोनदा भत्ता बदलतो. तुमच्यापैकी कुणी मॉलमध्ये काम करत असाल तर पगाराच्या स्लिपवर एक नजर टाका: स्लिपवर कंपनीचं नाव कुणाचं आहे, आणि तुम्हाला कोणत्या वर्गात टाकलंय. वूलवर्थने १८९० च्या दशकात जे पत्रात लिहिलं, की या कामाला कौशल्य लागतच नाही, ते आज त्या एका रकान्यात लिहिलेलं असतं.

बाकी ग्रीन्सबरोचं ते दुकान आता नागरी हक्कांचं म्युझियम आहे. लंच काउंटरचा एक तुकडा वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये ठेवलाय, चार स्टुलांसकट. त्यांवर बसायला परवानगी नाही.

आजच्यासाठी इतकंच. मॉलमध्ये, शोरूममध्ये, सुपरमार्केटमध्ये काम केलेल्यांनी आपला अनुभव व्हॉईस नोट करून पाठवा, दुकानाचं आणि स्वतःचं नाव न घेता. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू. भेटू पंधरा दिवसांनी.